किल्ल्या ज्याच्या हाती, वेसण त्यालाच

सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींमध्ये काही गोष्टी वादाविनाच मान्य होऊन बसल्या आहेत. त्यांतली एक अशी : ज्या लिनक्स यंत्रावर व्हर्च्युअल मशिने चालवायची, त्यावर एसईलिनक्स किंवा ॲपआर्मर चालू ठेवणे म्हणजे डोक्याला ताप. यंत्र उभे केले की पहिले काम ते बंद करण्याचे. कामावर नव्याने आलेल्या पोरालाही हेच शिकवले जाते. त्याने ‘का?’ म्हणून विचारलेच, तर उत्तर ठरलेले असते : व्हर्च्युअल मशीन हीच मुळात भिंत, तिच्यापुढे आणखी भिंत कशाला? ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३मध्ये व्हर्च्युअल मशिनांचे सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ताब्यात घेतली, परवान्यांचे गणित बदलले आणि वर्षानुवर्षे तिच्यावर विसंबलेल्या अनेक संस्था केव्हीएमकडे वळू लागल्या. नव्या घरी येताना त्यांनी हा उपदेशही ऐकला आणि बहुतेकांनी तो मुकाट्याने पाळला. म्हणून तो तपासून पाहण्याची हीच वेळ आहे.

आधी पात्रपरिचय. केव्हीएम हा लिनक्सच्या कर्नलमधला भाग. फेब्रुवारी २००७मध्ये २.६.२० या आवृत्तीबरोबर तो आला आणि प्रोसेसरच्या मदतीने एका यंत्रात अनेक यंत्रे चालवणे त्याने सोपे केले. पण व्हर्च्युअल मशीनला डिस्क लागते, नेटवर्क कार्ड लागते, पडदा लागतो. या साऱ्यांचे सोंग वठवतो क्यूएमू नावाचा प्रोग्रॅम. प्रत्येक मशीनमागे त्याची एक प्रक्रिया. आणि या सर्व क्यूएमूंना जन्म देणारा, त्यांना डिस्क जोडून देणारा, नेटवर्कचे पूल बांधणारा, पडद्यामागे अखंड जागा असलेला कारभारी म्हणजे लिबव्हर्टचा डीमन. तो रूटच्या, म्हणजे यंत्रावरच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालतो. त्याच्याशी लिहिण्याचा-बदलण्याचा संपर्क ज्याला मिळाला, त्याला व्यवहारात रूटचाच अधिकार मिळाला, हे लिबव्हर्टचे कर्तेही लपवत नाहीत.

लिनक्सची नेहमीची परवानगी-पद्धत मालकावर चालते. फाइल कुणाची, गट कोणता, वाचायची मुभा कुणाला, हे मालक ठरवतो आणि रूटला यातले फारसे काहीच आडवे येत नाही. सक्तीचे प्रवेश-नियंत्रण याच्या उलट. तिथे नियम कर्नलमध्ये बसलेली पॉलिसी ठरवते आणि ते रूटलाही लागू होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, डिसेंबर २०००मध्ये एसईलिनक्स जगापुढे ठेवले. २००३मध्ये ते मुख्य कर्नलमध्ये सामील झाले. एसईलिनक्स प्रत्येक प्रक्रियेला आणि फाइलला लेबल लावते, ॲपआर्मर फाइलच्या वाटेवरून नियम चालवते. पद्धती निराळ्या, उद्देश एक.

आता पूर्वपक्ष त्याच्या उत्तम रूपात मांडू. दुबळ्या प्रतिपक्षाला लोळवण्यात पुरुषार्थ नाही. त्याचे म्हणणे तिहेरी आहे. पहिले : मशिनांमधली फारकत प्रोसेसर करतो, शिवाय क्यूएमू हा रूट म्हणून न चालता एका साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, मग आणखी काय हवे? दुसरे, आणि हे सर्वांत वजनदार : डीमनला सगळेच करावे लागते. डिस्क जोडणे, फायरवॉलचे नियम लिहिणे, यूएसबी उपकरणे देणे, दुसऱ्या यंत्रावर मशीन हलवणे. इतकी कामे करू देणारी पॉलिसी लिहायची, तर तीत मनाई करण्याजोगे उरते काय? तिसरे : ही व्यवस्था रोजच्या कामात अडथळे आणते, आणि वैतागलेला माणूस घाईत जास्त चुका करतो.

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करू. प्रोसेसर मेमरीची फारकत करतो हे खरे, पण क्यूएमूने वठवलेल्या सोंगांची जबाबदारी प्रोसेसरवर नाही. मे २०१५मध्ये व्हेनम नावाची चूक उघड झाली. क्यूएमूमध्ये फ्लॉपी डिस्कच्या कंट्रोलरचा जो कोड होता, त्यात ती २००४पासून दबा धरून बसली होती. फ्लॉपी कुणी वापरत नव्हते. अनेकांनी ती मशीनच्या मांडणीतून काढूनही टाकलेली होती, तरी कंट्रोलरचा तो कोड जागाच राहत असे. गेस्टमध्ये, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, ज्याला पुरेसे अधिकार होते, त्याला या भोकातून बाहेर होस्टवरच्या, म्हणजे मूळ यंत्रावरच्या, क्यूएमू प्रक्रियेत शिरता येण्याची शक्यता होती. म्हणजे ज्या भिंतीची ग्वाही दिली जाते, तिच्यात अकरा वर्षे एक खिडकी उघडी होती.

‘बाहेर आला तरी तो साध्या वापरकर्त्याच्या नावानेच येणार ना?’ येणार, पण हा साधा वापरकर्ता होस्टवरच्या सगळ्या मशिनांचा सामाईक आहे. रेड हॅट घराण्यात त्याचे नाव क्यूएमू, उबुंटूत लिबव्हर्ट-क्यूएमू. शेजारच्या मशीनची डिस्कसुद्धा त्याच नावाची. मालकीच्या हिशेबाने पाहिले तर पहिल्या मशीनमधून निसटलेल्या चोराला दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या मशीनची डिस्क वाचायला आडकाठी काहीच नाही. एका यंत्रावर एकाच ग्राहकाची मशिने असतील तर हे कदाचित खपून जाईल. पण आज मुंबई-पुण्यात जे क्लाऊड चालतात, त्यांचा पायाच मुळी एका होस्टवर अनेकांनी नांदण्याचा. मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे आणि ॲमेझॉनने जून २०१६मध्ये मुंबईत आपापले क्लाऊड सुरू केले. त्यानंतर लहानमोठ्या भारतीय कंपन्यांनीही हाच धंदा केला. तिथे पतपेढी आणि तिच्याशी काडीचा संबंध नसलेले कुठले तरी संकेतस्थळ एकाच लोखंडावर शेजारी नांदू शकतात.

ही फट बुजवण्यासाठीच २००९मध्ये एसव्हर्ट आले. फेडोरा ११मध्ये ते पहिल्यांदा मिळाले. लिबव्हर्ट मशीन सुरू करताना त्याच्या क्यूएमूला ‘एसव्हर्ट-टी’ हा प्रकार देतो आणि त्याला दोन वर्गक्रमांक चिकटवतो : समजा, सी१०७ आणि सी४३४. त्या मशीनच्या डिस्कवरही हेच दोन क्रमांक लागतात. शेजारच्या मशीनला सी२२ आणि सी५८८. प्रकार एकच, मालक एकच, पण क्रमांक जुळत नाहीत म्हणून कर्नल वाचू देत नाही. १०२४ वर्गांतून दोन-दोनच्या जोड्या लावल्या तर ५,२३,७७६ होतात. एका होस्टला त्या पुरून उरतात. मशीन बंद झाले की डिस्कवरचे लेबल पुन्हा पूर्ववत. त्याच वर्षी उबुंटूने ९.१० आवृत्तीत ॲपआर्मरच्या मार्गाने हेच साधले : प्रत्येक मशीनसाठी त्याच्या ओळखक्रमांकाचे स्वतंत्र प्रोफाइल, आणि त्यात त्याच मशीनच्या डिस्कांची यादी. व्हेनमसारख्या चुकीतून कुणी बाहेर आलाच, तर या व्यवस्थेत तो स्वतःच्या मशीनच्या कुडाबाहेर फारसा जाऊ शकत नाही.

पूर्वपक्षातले जाणते लोक इथे मान डोलावतील आणि म्हणतील : क्यूएमूचे कबूल. पण विषय डीमनचा आहे. क्यूएमूला बांधा, डीमनला बांधून काय साधणार?

उत्तर या व्यवस्थेच्या रचनेतच आहे. क्रमांक कोण वाटतो? डीमन. डिस्कवर लेबल कोण चढवतो आणि उतरवतो? डीमनच. ज्याच्या जोरावर मशिनांची फारकत टिकते, त्या साऱ्या किल्ल्या त्याच्या कमरेला आहेत. तो फितला तर क्यूएमूभोवतीचे कुंपण कागदावर उरते. आणि तो फितू शकतो, हे २०१९मध्ये दिसले. त्या वर्षी लिबव्हर्टमध्ये काही चुका सापडल्या. त्यांतल्या सीव्हीई-२०१९-१०१६१ आणि १०१६७ या दोन इथे पाहण्याजोग्या. ज्याला डीमनकडे फक्त पाहण्याची मुभा होती, तोदेखील डीमनला हवा तो फाइलचा पत्ता देऊ शकत होता. दुसऱ्या चुकीत तर मशीन कोणत्या प्रोग्रॅमने चालवायचे, हे विचारण्याच्या निमित्ताने हवा तो प्रोग्रॅम पुढे करता येत होता. डीमन भाबडेपणाने तो स्वतःच्या, म्हणजे रूटच्या, अधिकाराने चालवून मोकळा व्हायचा. प्रोसेसरची भिंत इथे कुठे मध्ये आलीच नाही, कारण हल्ला गेस्टमधून नव्हताच. तो कारभाऱ्याच्या खिडकीतून होता. साधी परवानगी-पद्धतही कामाची नाही, कारण मागणी ज्याच्या तोंडून येते तो रूट. अशा वेळी ‘हा डीमन अमुक प्रकारचेच प्रोग्रॅम चालवील, तमुक प्रकारच्याच फाइलींची लेबले बदलील’ असे त्याला ठणकावू शकेल अशी एकच जागा उरते : कर्नलमधली पॉलिसी.

इथे पूर्वपक्षाचा हुकमाचा एक्का बाहेर पडतो : ‘अहो, पण त्या पॉलिसीने प्रत्यक्षात ठणकावले का?’ प्रश्न रास्त आहे. लिबव्हर्टचा एकसंध डीमन ‘व्हर्टडी-टी’ या प्रकारात चालायचा आणि त्या प्रकाराला बरीच मोकळीक होती. ॲपआर्मरचे डीमनसाठीचे प्रोफाइल तर स्वतःच्या शीर्षटिपणीतच कबूल करते, की आपण फार सैल आहोत, कारण आधी गेस्टना आवळायचे आहे. म्हणजे आक्षेप घेणाऱ्यांनी काही स्वप्नात पाहिलेले नाही.

पण यातून ‘पॉलिसी टाकून द्या’ हा निष्कर्ष निघत नाही. म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात, नागरहोळे जंगलाच्या कडेच्या गावांत हत्ती शिवारात शिरू नयेत म्हणून खंदक खणतात. पावसात खंदकाचे काठ ढासळतात. ओढा आडवा आला, दलदल किंवा खडक लागला, तर तिथे तो खणताच येत नाही, आणि हत्ती नेमकी तीच जागा हेरतो. यावर उपाय म्हणून कर्नाटकच्या वनखात्याने नागरहोळेच्या सीमेवर जुन्या रेल्वे-रुळांचे अडसर उभारायला घेतले. खंदक फुटतो म्हणून तो बुजवून टाका, असे कुठलाही शेतकरी म्हणणार नाही. तो फुटक्या जागा दाखवील आणि तिथे काय करणार ते विचारील. डीमनच्या सैल पॉलिसीबद्दल हाच प्रश्न विचारायला हवा.

आणि तो लिबव्हर्टच्या मंडळींनी विचारला. पॉलिसी सैल का? तर एकाच डीमनच्या अंगावर दहा कामे म्हणून. मग डीमनच फोडला. क्यूएमू चालवणारा वेगळा, नेटवर्कचा वेगळा, डिस्क-साठ्याचा वेगळा, उपकरणांचा वेगळा, गुपिते सांभाळणारा वेगळा. नोव्हेंबर २०२१च्या फेडोरा ३५पासून आणि मे २०२२च्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९पासून ही फोडलेली मांडणीच मूळ मांडणी झाली. नेटवर्कचा पूल बांधणाऱ्याला डिस्कच्या फाइली कशाला लागतात? नाही लागत, मग पॉलिसीत त्या त्याला नाकारता येतात. ‘डीमनला सगळेच लागते’ हे विधान एकसंध डीमनबद्दल बरेचसे खरे होते, पण तो दोष डीमनच्या बांधणीचा होता. पॉलिसीने तो फक्त चव्हाट्यावर आणला.

अशा विभागणीचे फळ जवळून पाहायचे तर व्हर्टलॉगडी हा छोटा डीमन बघावा. तो डीमन फोडण्याच्याही आधीचा, डिसेंबर २०१५मधला, लिबव्हर्ट १.३.०बरोबर आलेला. त्यापूर्वी क्यूएमू आपली नोंदवही स्वतःच लिहायचा. म्हणजे गेस्टमधल्या एखाद्या द्वाड माणसाने सीरियल कन्सोलवर सतत कचरा ओतला, तर होस्टची डिस्क भरून सारेच ठप्प होण्याचा धोका. व्हर्टलॉगडी मध्ये बसला. क्यूएमूने जे ओकले ते तो पाइपमधून घेतो, फाइलीत लिहितो, फाइल २ एमबीची झाली की बाजूला सारतो आणि अशा ३ जुन्या प्रती ठेवून बाकीच्या पुसतो. एवढेच काम. पण बारकाईने पाहा : गेस्टच्या मनात येईल ती अक्षरे रूटच्या अधिकाराने चालणारा एक प्रोग्रॅम वाचतो आहे. या वाचनात उद्या चूक निघाली तर? एसईलिनक्सच्या पॉलिसीत त्याच्यासाठी ‘व्हर्टलॉगडी-टी’ असा स्वतंत्र प्रकार आहे. त्याला लागते काय? नोंदवहीच्या फाइली, स्वतःचे सॉकेट आणि डीमनकडून आलेले पाइप. मशिनांच्या डिस्क, पासवर्डची फाइल, बाहेरचे नेटवर्क, यांच्याशी त्याला कर्तव्य नाही. रूट म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमचे हात इतके आखडता येतात, हे साध्या परवानगी-पद्धतीत शक्यच नव्हते. काम जितके लहान, तितकी पॉलिसी घट्ट.

पॉलिसी नुसती ‘असणे’ पुरत नाही, ती नेमकी असावी लागते, याचा पुरावा शेजारच्या कंटेनरच्या प्रांतात मिळतो. फेब्रुवारी २०१९मध्ये रनसी या कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रॅमात अशी चूक निघाली, की कंटेनरमधला माणूस होस्टवरचा तो प्रोग्रॅमच बदलून टाकू शकत होता. फेडोरावर एसईलिनक्स सर्वत्र चालू होते. तरी पॉडमनचे कंटेनर वाचले आणि मोबी-इंजिन या पॅकेजचे नाही. कारण पहिल्याच्या प्रक्रिया कंटेनरसाठी राखलेल्या आवळ प्रकारात चालत होत्या, दुसऱ्याच्या मात्र चालवणाऱ्याच्याच मोकळ्या प्रकारात. एकच कर्नल, एकच एसईलिनक्स, पॉलिसीच्या एका लेबलाचा फरक. म्हणून ‘एसईलिनक्स उपयोगी की निरुपयोगी’ हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. कोणत्या प्रक्रियेला कोणता प्रकार दिला, हे विचारले पाहिजे.

राहिला तिसरा मुद्दा, कटकटीचा. ही तक्रार खोटी नाही. नेहमी घडणारे उदाहरण : मशिनांच्या डिस्क एनएफएसच्या सामाईक साठ्यावर ठेवल्या, मशीन सुरू करायला गेलो, आणि ‘परवानगी नाही’. मालकी पाहिली तर बरोबर, वाटेतल्या फोल्डरांच्या परवानग्या बरोबर. आता वैतागून एसईलिनक्स बंद करणारा माणूस ऑडिटच्या नोंदवहीतली एक ओळ वाचत नाही. त्या ओळीत चार गोष्टी असतात : मागणारा कोण (एसव्हर्ट-टी), मागितले कशाचे (एनएफएस-टी लेबलाची फाइल), करायचे काय होते (वाचन), आणि निकाल (नकार). ही ओळ वाचणाऱ्याला कळते, की यासाठी पॉलिसीत एक खटका आधीच ठेवलेला आहे, ‘व्हर्ट-यूज-एनएफएस’. तो एका आज्ञेने चालू होतो. त्याची किंमतही कळलेली बरी : एनएफएसवरच्या साऱ्या फाइलींना एकच लेबल असेल तर त्या साठ्यापुरती मशिनांतली वाटणी राहत नाही, ती हवी असेल तर लेबले वाहून नेणारे एनएफएस ४.२ लागते. पण एका साठ्यापुरती सवलत देणे कुठे आणि सारे यंत्र उघडे टाकणे कुठे!

खटका नसेल आणि चूक सापडत नसेल, तरी सगळे बंद करण्याची गरज पडत नाही. २००८च्या २.६.२६ कर्नलपासून एकाच प्रकाराला ‘परमिसिव्ह’ करता येते : त्याला नकार मिळत नाहीत, पण जे नाकारले गेले असते त्याची नोंद होते. बाकी सारे यंत्र बंधनात राहते. ज्यांना व्हर्टलॉगडीची अडचण आहे, त्यांनी फक्त व्हर्टलॉगडी-टी मोकळा करावा, नोंदी पाहाव्यात, नियम दुरुस्त करावा आणि पुन्हा आवळावा. सगळे बंद करण्याखेरीज दुसरी चुकीची वाट म्हणजे नकारांच्या नोंदी डोळे झाकून ऑडिट-टू-अलाऊ या साधनात ओतायच्या आणि ते देईल तो नियम चढवायचा. तो पॉलिसीलाच पोखरण्याचा शिस्तशीर मार्ग आहे, कारण त्या नोंदींत चोराने केलेली मागणीही असू शकते.

आणि ही व्यवस्था सामान्यांच्या आवाक्याबाहेरची आहे, असे म्हणणाऱ्यांनी स्वतःचा फोन पाहावा. २०१४च्या लॉलिपॉपपासून ॲन्ड्रॉइडमध्ये एसईलिनक्स पूर्ण सक्तीने चालते. ते बंद करण्याची उठाठेव वापरणाऱ्यांपैकी क्वचितच कुणी करतो. तिथे पॉलिसी बनवणारा यंत्र आणि काम दोन्ही ओळखतो. सर्व्हरवर ती ओळख आपल्याला करून घ्यावी लागते. कष्ट आहेत, पण अशक्य काही नाही.

या बंधनाच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात, नाहीतर आम्हीही प्रतिपक्षासारखेच ठोकून देणारे ठरू. पॉलिसी कर्नलमध्ये राहते. कर्नलच पडला तर तीही पडली. २०२१मध्ये केव्हीएमच्या एएमडीसाठीच्या भागात एक चूक प्रसिद्ध झाली. तीत क्यूएमूची मदत न घेता थेट कर्नलमध्ये उतरता येत होते. एसव्हर्ट तिथे काय अडवणार? २०१८च्या मेल्टडाऊन-स्पेक्टरसारख्या प्रोसेसरमधल्या गळत्यांवरही लेबले हतबल असतात. पण यातूनही निघते ते एवढेच, की भिंती एकाहून अधिक हव्यात. ज्यांनी क्यूएमूचा पसारा टाकून नव्याने लहान मांडणी केली, त्या ॲमेझॉनच्या फायरक्रॅकरकडे पाहा : २०१८मध्ये तो खुला झाला, उपकरणे मोजकीच ठेवली, आणि तरीही त्याला ‘जेलर’ नावाच्या प्रोग्रॅमच्या कोठडीत घालून, सिस्टिम कॉलची चाळणी लावूनच चालवण्याची शिफारस आहे. कोड लहान केल्याने बंधनाची गरज संपली, असे त्याच्या कर्त्यांनाही वाटले नाही.

शेवटी भारतापुरता एक व्यावहारिक मुद्दा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. आता कळवायचे कशाच्या आधारावर? क्यूएमूने भलत्याच डिस्ककडे हात नेला, किंवा नोंदवही लिहिणाऱ्या डीमनने अचानक नेटवर्क मागितले, तर पॉलिसी ते नाकारतेच आणि ऑडिटमध्ये ओळ टाकते. नेकीने काम करणाऱ्या प्रक्रियेकडून अशी मागणी एरवी येत नाही. म्हणून ही ओळ हजारो सामान्य नोंदींच्या ढिगात उठून दिसणारी असते. एसईलिनक्स बंद केलेल्या यंत्रावर तीच घटना यशस्वी वाचन म्हणून निमूट पार पडते. १८० दिवस जपलेल्या वह्यांत तिचा मागमूस नसतो.

म्हणून पूर्वपक्षाच्या तिन्ही मुद्द्यांचा हिशेब असा होतो. प्रोसेसरची भिंत खरी आहे, पण ती क्यूएमूच्या आणि डीमनच्या चुकांना आवर घालत नाही. डीमनला खूप काही लागते हे खरे, पण त्यावर उपाय डीमन फोडण्याचा आणि प्रत्येक तुकड्याला त्याच्या मापाची पॉलिसी देण्याचा आहे. कटकट खरी आहे, पण ती एका लेबलापुरती, एका खटक्यापुरती, फार तर एका प्रकारापुरती असते. तिच्यासाठी सारे यंत्र मोकळे सोडण्याचे समर्थन कुठल्याच मुद्द्यातून निघत नाही. यानंतरही ज्यांना ते बंद ठेवायचे आहे, त्यांनी एक करावे. डीमन फितला तर शेजारच्या ग्राहकाची डिस्क दुसरे कोण वाचवणार, हे त्या ग्राहकाशी केलेल्या करारात लिहून द्यावे.